डोळ्यांनी पाहिलं म्हणजे कळलं का?

लिंबू कापलं की आतून लालभडक रस गळतो. वर्ग क्षणभर चिडीचूप होतो, मग मागच्या बाकावरून कुणीतरी ‘करणी!’ म्हणतं आणि हशा पिकतो. त्यानंतर कार्यकर्ता सुरी दाखवतो. पात्यावर मिथिल ऑरेंजचं द्रावण लावून ते आधीच वाळवलेलं असतं. लिंबातल्या आम्लाने ते लाल होतं. १९८९मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने असे कितीतरी ‘चमत्कार’ शाळा-कॉलेजांत आणि गावच्या चौकांत करून दाखवले आणि लगोलग त्यांचं बिंगही फोडलं. आपला विरोध देवाधर्माला नसून शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला आहे, असं समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर सतत सांगत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला.

बुवाने कापलेलं लिंबू आणि मास्तरांनी कापलेलं लिंबू मुलाच्या डोळ्यांना सारखंच दिसतं. बुवा म्हणतो करणी, मास्तर म्हणतात मिथिल ऑरेंज. आठवीतल्या मुलाने यांपैकी काहीच पूर्वी पाहिलेलं नसतं. मग त्याने एका मोठ्या माणसाचा शब्द सोडून दुसऱ्याचा धरला, याला विवेक म्हणायचं की निव्वळ पक्षांतर?

हा खोडसाळ प्रश्न नाही. हार्वर्डमधले एरिक माझूर आणि त्यांचे सहकारी यांनी भौतिकशास्त्राच्या वर्गातली प्रात्यक्षिकं तपासून २००४ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये निष्कर्ष मांडला होता. नुसतं प्रात्यक्षिक पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना, ते मुळीच न पाहणाऱ्यांपेक्षा फारसं जास्त समजलं नव्हतं. काय घडेल याचा अंदाज आधी बांधायला लावलेल्यांना मात्र ते बरंच चांगलं समजलं. म्हणजे प्रयोग तोच, शिक्षक तेच, टाळ्याही तेवढ्याच. फरक पडला तो आधी स्वतःचं मत पणाला लावण्याने.

डोळे खोटं बोलतात, असंही नाही. २१ सप्टेंबर १९९५ला देशभर गणपती दूध प्याला, तेव्हा सोंडेला लावलेला चमचा खरोखरच रिकामा होत होता. दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, तेव्हा ते मूर्तीवरूनच खाली ओघळत असल्याचं दिसलं. पृष्ठताण आणि केशाकर्षण ही कारणं नंतर सांगितली गेली. खरी करामत होती ती रंग मिसळायचं सुचण्यात.

पण विज्ञानाच्या तासालाही अशा समजुती सुखाने नांदतात, याबद्दल फारसं बोललं जात नाही. ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती उभी करून पेटवायची आणि तिच्यावर काचेचा पेला उपडा घालायचा. ज्योत विझते, पाणी पेल्यात चढतं. ‘हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो, तो जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली,’ असं फळ्यावर लिहिलं जातं. जवळ जाऊन पाहिलं तर गोष्ट वेगळीच दिसते. ज्योत जळत असताना पाणी हळूहळू चढत नाही; ती विझू लागली की भसकन वर येतं. पेला घाईने घातला तर काठाखालून बुडबुडे निघताना दिसतात, म्हणजे तापून फुगलेली हवा बाहेर पडत असते. एकीऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी आणखी वर जातं, आणि पेल्यातला ऑक्सिजन तर वाढलेला नसतो! मेणबत्ती विझते तेव्हा हवेत सुमारे १६ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो, शिवाय जळालेल्या ऑक्सिजनच्या जागी कार्बन डायऑक्साइडही तयार झालेला असतो. पाणी चढण्याचं मुख्य कारण उष्णता. गरम हवा थंड होऊन आकसते, म्हणून ते चढतं. ‘एक पंचमांश’ हा आकडा नुसता योगायोगाने जवळपास जुळतो, आणि जुळला की कुणी पुढे विचारत नाही.

न्यायदर्शनाच्या तार्किकांना, म्हणजे नैयायिकांना, हा घोळ चांगला ठाऊक होता. धूर दिसला की अग्नी आहे असं अनुमान ते करत. केवळ प्रत्यक्ष मानणाऱ्या चार्वाकांशी त्यांचा वाद याच मुद्द्यावर होता. पण उलट, अग्नी तिथे धूर, हे मात्र ते मान्य करत नसत. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं, आणि ही लपलेली अट म्हणजे त्यांच्या भाषेत ‘उपाधी’. पेल्यातल्या प्रयोगात उष्णता ही ती उपाधी आहे, आणि तीन मेणबत्त्यांनी ती उघडी पडते. शंभर वेळा तेच पाहून ती सापडली नसती.

सुरक्षिततेचा प्रश्नही इथेच येतो. तो फक्त गॉगल आणि वाळूच्या बादलीपुरता नाही, जरी दोन्ही हवीतच. अमेरिकेतल्या शाळांत मिथेनॉल पेटवून रंगीत ज्वाला दाखवताना विद्यार्थी गंभीर भाजले. अमेरिकन केमिकल सोसायटीने तो प्रकार बंद करायला सांगितलं आणि क्षाराच्या द्रावणात भिजवलेल्या लाकडी काड्या ज्योतीत धरण्याचा पर्याय सुचवला. आपल्याकडे जिभेवर जळता कापूर ठेवण्याचं प्रात्यक्षिक लोकप्रिय आहे. कापूर पोटात गेला तर विषारी ठरतो आणि मुलं घरी जाऊन नक्कल करतात, तेव्हा ते वर्गात करू नये. पण धोक्याच्या प्रयोगाचा दुसरा तोटाही तेवढाच मोठा आहे. मुलाला त्या प्रयोगाला हात लावता येत नाही, अटी बदलून पाहता येत नाहीत. त्याला लांबून पाहून विश्वास ठेवावा लागतो. म्हणजे पुन्हा बुवासमोर बसल्यासारखंच.

मग या सगळ्यात देवावरच्या श्रद्धेचं काय, याचं उत्तर शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेच्या चरित्रात सापडतं. १८५३मध्ये लंडनमध्ये हात ठेवताच टेबलं ‘आपोआप’ फिरू लागली होती. हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे सरकते थर घालून आधी हात हलतो, मग टेबल, हे त्याने दाखवलं. हाताची हालचाल दाखवणारा काटा बसणाऱ्यांना दिसू लागला, तेव्हा टेबल फिरायचं थांबलं. ती माणसं लबाड आहेत असं त्याने म्हटलं नाही. आपण टेबल ढकलतोय हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. हाच फॅरडे सँडेमनियन नावाच्या छोट्या ख्रिस्ती पंथाचा निष्ठावान सदस्य होता. मुलांसमोरची मेणबत्तीवरची त्याची गाजलेली व्याख्यानं १८६०च्या नाताळात सुरू झाली, आणि त्याच वर्षी तो पंथाचा वडीलधारी म्हणून पुन्हा निवडला गेला. दूध, टेबल, लिंबू यांच्याबद्दलचा दावा टेबलावर ठेवून तपासता येतो. ईश्वर आहे की नाही, हा प्रश्न त्या टेबलावर मावत नाही. लिंबू कापून ‘देव नाही हे सिद्ध झालं’ म्हणणारा शिक्षक ऑक्सिजनवाल्या फळ्यासारखीच उडी मारत असतो.

दाभोलकरांचा स्मृतिदिन आता ‘राष्ट्रीय वैज्ञानिक दृष्टिकोन दिन’ म्हणूनही पाळला जातो. येत्या २० ऑगस्टला ज्या शाळांत चमत्कारांचे कार्यक्रम होतील, तिथल्या शिक्षकांनी एवढं करावं: सुरी उचलण्याआधी मुलांचे अंदाज फळ्यावर लिहावेत, आणि उलगडा स्वतः सांगण्याऐवजी ‘काय बदलून पाहूया?’ असं विचारून तासातली पंधरा मिनिटं मुलांच्या हाती द्यावीत.