जवळचे विद्यापीठ की दूरचे : एक संवाद

उच्च शिक्षणासाठी घराजवळचे विद्यापीठ निवडावे की दूरचे, हा प्रश्न वरवर पाहता सोयीगैरसोयीचा वाटतो. प्रत्यक्षात त्यात दोन चांगल्या गोष्टी समोरासमोर उभ्या असतात : एकीकडे घर आणि घरच्यांबद्दलचे कर्तव्य, दुसरीकडे स्वतःच्या बुद्धीला मिळणारा वाव. दोन्ही बाजू खऱ्या असल्याने एकीला खोटे ठरवून पेच सुटत नाही. म्हणून त्याची उकल येथे संवादाने केली आहे.

संवादातील भाची गडहिंग्लजची, इतिहास घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आत्या साताऱ्यात प्राध्यापकी करून निवृत्त झालेली. भाचीपुढे दोन वाटा आहेत : १९६२ मध्ये स्थापन झालेले कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि १९६९ मध्ये स्थापन झालेले दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ. पहिल्यासाठी सकाळची एसटी पुरते. दुसऱ्यासाठी देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, परके शहर आणि वसतिगृह.

पहिला मुद्दा खर्चाचा.

भाची : आत्या, दिल्लीची फी फार नाही. पण वसतिगृह मिळेपर्यंत खोलीचं भाडं, मेस, जाणं-येणं धरलं तर अवघड आहे. बाबांच्या एका पगारावर आम्हा दोघांचं शिक्षण चाललंय. माझ्यावर जास्त गेलं तर धाकट्याच्या वाट्याला कमी येईल.

आत्या : मग आधी वही काढ आणि आकडे लिही. शिष्यवृत्ती किती मिळेल, उरलेलं किती, ते कोण भरणार. आणि दादाला सरळ विचार. त्याच्या वतीनं तूच नकार देऊन मोकळी होऊ नकोस.

भाची : आणि हिशेब जमलाच नाही तर?

आत्या : तर कोल्हापूर. त्यात कमीपणा कसला? पण मग ते हिशेबानं ठरलेलं असेल, भीतीनं नाही.

खर्च मोजता येतो, वाटून घेता येतो, कमीही करता येतो. भीतीचे तसे नसते. ती बहुधा खर्चाच्या आडून बोलते. खर्चावर मात्र वाट काढता येते : राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली. खेड्यातल्या हुशार मुलाचे शिक्षण राहण्याजेवण्यापाशी अडते, हे त्यांनी ओळखले होते. जी अडचण अशी सोडवता येते, तिला नशीब म्हणू नये.

दुसरा मुद्दा विषयाचा.

आत्या : तुला नेमका कशाचा अभ्यास करायचाय?

भाची : करवीर, म्हणजे कोल्हापूर संस्थानातल्या गावकारभाराचा.

आत्या : त्याचे कागद कुठं आहेत?

भाची : कोल्हापूरच्या पुरालेखागारात, मोडी लिपीत. सरांनी एकदा नेऊन दाखवले होते. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढलेली आणि तिच्याखाली अक्षराला अक्षर जोडत गेलेलं. शब्द कुठं तुटतो तेच कळेना. दोन ओळी लावायला अर्धा तास गेला.

आत्या : मग या विषयाला दिल्लीच लांब आहे!

भाची : कागद जवळ आहेत, पण त्यांना प्रश्न कोणते विचारायचे? दप्तरात पानोपानी फारसी शब्द येतात, ते कुठून आले हे मला उमगत नाही. दिल्लीत फारसी शिकता येईल. बंगालचा, तामिळनाडूचा विद्यार्थी शेजारी बसेल. त्यांच्याकडचा गावकारभार कळला तर आपल्याकडचा वेगळा का, हे तरी दिसेल.

अंतराला स्वतःची किंमत नसते; ती विषयामुळे येते. म्हणून विद्यापीठाच्या नावाआधी विभाग पाहावा : कोण शिकवते, अभ्यासक्रमात काय आहे, ग्रंथालय कसे आहे, संशोधनाला मार्गदर्शक मिळेल का. नामांकित विद्यापीठातही आपल्या विषयाचा जाणकार नसू शकतो आणि तासाभराच्या अंतरावर तो असू शकतो.

तिसरा मुद्दा माणसांचा.

भाची : आजीचं औषधपाणी मी बघते. मी गेले की ते आईवर पडणार. हे कुठल्या रकान्यात लिहू?

आत्या : खर्चातच लिही. बाईचे कष्ट कुणी मोजत नाही म्हणून ते फुकट होत नाहीत. पण मला सांग, तुझ्या जागी मुलगा असता तर हा प्रश्न निघाला असता?

भाची : नसता निघाला.

आत्या : मग आजीचं करणं साऱ्या घराचं काम आहे. ते तुझ्या एकटीचं कधीपासून झालं? बरं, आता उलट बाजूनं. दिल्लीला जायचंय ते फारसीसाठी, की लग्नाचा विषय टळावा म्हणून?

भाची : दोन्हीसाठी.

आत्या : दुसऱ्या कारणाची लाज नको. पण ते काढून टाकलं तरी पहिलं उभं राहतं का, ते बघ. लग्नाचा विषय दोन वर्षांनी पुन्हा निघेलच.

कर्तव्य खरे असले तरी त्याची वाटणी बदलता येते, आणि ती घरात बोलूनच बदलते. तसेच, भीतीपोटी थांबणे आणि पळ काढण्यासाठी जाणे, दोन्हींत निवड झालेलीच नसते.

चौथा मुद्दा परतण्याचा.

आत्या : बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढं १९४६ मध्ये त्यांच्या संस्थेनं मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं, १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केलं. लांब गेलेल्या माणसानं कॉलेज इतरांच्या जवळ आणलं.

भाची : पण कर्मवीर भाऊराव पाटील कुठल्या दूरच्या विद्यापीठात गेले होते? १९१९ मध्ये काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्यात राहून ती वाढवली.

आत्या : खरंय. म्हणजे जाण्याराहण्यावरून माणसाचं मोल ठरत नाही.

यातून विचाराचा क्रम हाती येतो. आधी विषय, मग विभाग, मग खर्च आणि तो कोणावर पडतो याचा हिशेब, शेवटी आपल्या कारणांची तपासणी. एवढे करूनही पारडी समान राहिली, तर जी संधी नंतर मिळणे अवघड ती आधी घ्यावी. पुरालेखागारातले कागद दोन वर्षांनीही कोल्हापुरातच असतील. भाषा शिकण्याची मोकळीक आणि वेगळ्या सोबत्यांचा वर्ग मात्र पुढे सहज मिळत नाही. म्हणून वसतिगृह आणि शिष्यवृत्ती मिळाल्यास भाचीने एम.ए.साठी दिल्लीला जावे आणि संशोधनासाठी कोल्हापूरच्या दप्तराकडे यावे. ती न मिळाल्यास कोल्हापुरात एम.ए. करून मोडी पक्की करावी आणि फारसीची वाट पुढच्या टप्प्यासाठी खुली ठेवावी. दोन्ही वाटांनी अभ्यास पुढे जातो.