चार बोटांचा केस

पहाट आहे. रामकुंडाच्या पायरीवर बसा. दगड काळा आहे, गार आहे. तळवा त्यावर टेका.

श्वास घ्या. सोडा.

समोर गोदावरी. नाशिककर तिला गंगाच म्हणतात. पाणी अजून काळसर आहे. उजाडेल तेव्हा उजाडेल.

आता डोक्यावरून हात फिरवा. बोटांत एखादा केस येईल. तो अलगद उपटून तळहातावर ठेवा. जेमतेम चार बोटं लांब.

पाहा. टोकाकडे काळा. मुळाकडे पांढरा.

थांबा. घाई नाही.

केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो. म्हणजे हे टोक गेल्या श्रावणातलं. पावसाळ्यातलं पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढलं, हे लोक बघतात, त्या दिवसांतलं. मूळ मात्र या फाल्गुनातलं, अगदी परवाचं.

काळ्याकडून पांढऱ्याकडे नजर न्या. हळूहळू. रंग कुठे संपतो? ती जागा शोधा. सापडली की तिथेच राहा.

मला या जागेची फार माया वाटते.

रंग संपला त्या दिवशी तुम्ही काय करत होता? भाजी निवडत होता, बसची वाट बघत होता. आणि त्वचेच्या आत, केसाच्या मुळाशी, रंग भरणाऱ्या पेशी थकत होत्या. मेलानिन त्याच बनवतात, वाढत्या केसात त्याच घालतात. केस गळतो, नवा उगवतो, तेव्हा राखीव साठ्यातून नव्या रंगपेशी येतात. वय वाढतं तसा तो साठा सरत जातो.

दुखलं नाही. आवाज झाला नाही.

ऐका. तोच शांतपणा आताही आत आहे.

हे केस उन्हानं पांढरे झालेले नाहीत, असं जुनी माणसं म्हणतात. खरंच आहे ते. ऊन लागतं बाहेर आलेल्या केसाला. रंग थांबतो आत. काळा उगवलेला भाग मागाहून पिकत नाही. नवा येतो तोच पांढरा येतो.

श्वास घ्या. सोडा.

पलीकडे न्हावी कुणाचं तरी मुंडण करतो आहे. ओल्या दगडावर काळे-पांढरे केस एकत्र पडत आहेत. वस्तऱ्याचा बारीक आवाज. मग पाण्याचा.

पुन्हा तळहाताकडे या.

पांढरा भाग खरं तर पांढराही नाही. त्यात रंगच नाही. उजेड त्यात शिरतो, विखुरतो, म्हणून तो आपल्याला शुभ्र दिसतो.

पाहा, पाण्यावर उजेड आला. केसावरही आला.

केस लगेच झटकू नका. बसा अजून थोडा वेळ.