मामांचा पाना

गळीत हंगामाच्या तोंडावर मी एक सही केली. सहवीज प्रकल्पाच्या मुख्य वाफेच्या व्हॉल्व्हसाठी बी-१६ जातीचे स्टड मागवले होते, ते आले नव्हते. बॉयलरच्या अग्निप्रदीपनाची तारीख ठरलेली. स्टोअरमध्ये त्याच मापाचे, त्याच आट्यांचे बी-७ पडून होते. "बसवा," म्हणालो.

वाफ ४८५ अंशांची. बी-७ हे क्रोमियम-मॉलिब्डेनमचं चांगलं पोलाद, पण ४५० अंशांच्या वर त्याचा भरवसा नाही, हे मला ठाऊक होतं. बी-१६ मध्ये व्हॅनेडियम असतं. त्यामुळे ते पोलाद तापल्यावरही ताण धरून ठेवतं. थंड असताना मात्र दोघांची ताकद सारखीच, आणि त्या थंड आकड्यावर बोट ठेवून मी स्वतःची समजूत घातली. स्टड आवळताना स्प्रिंगसारखा ताणला जातो. त्या ओढीनंच फ्लँज मिटून राहतो. जास्त उष्णतेत ही ओढ हळूहळू मरते. स्टड तुटत नाही, नट जागचा हलत नाही, तरी पकड जाते. मनात शंका होती, म्हणूनच बसवण्याआधी प्रत्येक स्टडची लांबी मी वहीत लिहून ठेवली होती.

पाचव्या आठवड्यात गॅस्केटमधून वाफ फुटली. इतकी तापलेली वाफ दिसत नाही, नुसती कर्कश शिट्टी ऐकू येते. बॉयलर बंद, गव्हाण बंद, बाहेर उसाच्या गाड्यांची रांग. चौकशीत मी म्हणालो, "आवळणी कमी पडली असेल." तो 'असेल' मी जपून निवडला होता. आवळणी ठेकेदाराच्या फिटरनं केली होती. सगळे त्यांना मामा म्हणत. "साहेब, टॉर्क पान्यानंच आवळलंय, समोरासमोर, तीन फेऱ्यांत. तुम्ही होता की तिथं." मी होतो. मी गप्प बसलो. पुढच्या आठवड्यापासून मामा कामावर दिसले नाहीत.

काढलेले स्टड मी चौकशीच्या रात्रीच मोजले. प्रत्येक स्टड पाव मिलिमीटरभर वाढलेला, सगळे एकसारखे. कमी आवळलेला स्टड एवढा वाढलाच नसता.

वर्षानुवर्षं मी याला 'सामानाची अडचण' म्हणत आलो. अडचण पहिल्या सहीपुरती होती. तारीख पुढे ढकला, असं वरिष्ठांना सांगायला मी घाबरलो; त्या चुकीला निदान घाईचं कारण होतं. स्टड मोजल्यावर घाई कसलीच नव्हती. अख्खी रात्र होती, वही समोर उघडी होती, आणि चौकशीचा अहवाल सकाळपर्यंत माझ्याच टेबलावर होता. मी त्यावर सही करून तो पाठवून दिला.