न पारखलेले चिलखत

वाचन : १ शमुवेल १७:३८-४०, १ राजे २२:२९-३५



दावीद गल्याथाशी लढावयास निघाला, तेव्हा शौल राजाने त्यास आपले चिलखत घातले व मस्तकी पितळी टोप चढविला. दाविदाने चार पावले चालून पाहिले आणि सर्व उतरवून ठेविले. ते जड होते असे तो म्हणाला नाही. आपण ते पारखलेले नाही, एवढेच कारण त्याने सांगितले.

पुलगावच्या आसपास राहणाऱ्या वाचकांस दारूगोळा नवा नाही. ज्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम, त्याच जिल्ह्यात देशातील अति मोठ्या दारूगोळा-कोठारांपैकी एक असावे, हे चमत्कारिक खरे. परंतु गोळी अडविणारे चिलखत कसे पारखतात, हे थोड्यांसच ठाऊक असेल. ते मऊ मातीच्या ठोकळ्यावर बांधतात व मोजलेल्या अंतरावरून त्यावर रायफल झाडतात. गोळी सेकंदास सुमारे ८५० मीटर वेगाने येते. साध्या पोलादी पत्र्यावर ती फुटली, तर तिच्या चिरफाळ्या उडून गळ्यास व दंडास लागतात. म्हणून पोलाद जाड असले की झाले, असे नाही. बरे, गोळी आरपार गेली नाही, एवढ्यावरही परीक्षक समाधान मानीत नाहीत. चिलखत काढून ते मागची माती पाहतात. अमेरिकेतील एका प्रसिद्ध नियमाप्रमाणे मातीत ४४ मिलिमीटरांहून खोल खड्डा पडला, तर ते चिलखत नापास. आपल्या देशातही भारतीय मानक ब्यूरोने २०१८ साली यासाठी नियम ठरविले.

पुण्याच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयातील मेजर अनूप मिश्रा यांस तो खड्डा अंगानेच कळला होता. त्यांस गोळी लागली; चिलखताने ती अडविली, पण आघात शरीरात उतरला. पुढे त्यांनी 'सर्वत्र' नावाचे चिलखत सिद्ध केले व डिसेंबर २०१९ मध्ये सेनाप्रमुखांकडून त्यांचा गौरव झाला.

उपदेशक बंधूंनो, आपण मात्र बहुधा चिलखतच पाहतो. अमकी बहीण नवरा गेल्यावरही उपासनेस आली, गीत म्हणाली, तिचा विश्वास टिकला, असे लिहून आपण पुढच्या गावी जातो. मागची माती कोणी पाहिली? मनुष्य मातीचाच घडलेला आहे, हे तर आपणच शिकवितो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ३१ मे २०१६ च्या रात्री पुलगावच्या कोठारास आग लागली आणि ती विझविणारे पुष्कळ जण प्राणास मुकले. २० नोव्हेंबर २०१८ रोजी सोनेगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या जागी स्फोट होऊन सहा जण गेले; त्यांत बहुतेक जवळच्या खेड्यांतील ठेक्याचे मजूर होते. अशा घरी जाऊन, विश्वास असता तर तो वाचला असता, असे म्हणणाऱ्याने पौलाचे इफिसकरांस पत्र नीट वाचलेले नाही. तेथील सर्वशस्त्रसामग्री तोफगोळा अडविते असे पौल कोठेही म्हणत नाही. त्याने ते पत्र बेड्यांत असता लिहिले. स्तेफन विश्वासाने पूर्ण होता, तरी धोंडे त्यास लागलेच. मजुरास साधने व योग्य देखरेख मिळावी म्हणून ठेकेदाराकडे विचारणा करणे, हे प्रार्थनेच्या आड येत नाही. पोटासाठी जो अशा कामावर जातो, त्यास एकट्याने हे विचारणे कठीण असते. चार जणांनी मिळून विचारावे.

आता अहाब राजा. त्याचे चिलखत चांगलेच असावे, वेषही पालटलेला. तरी कोणा एकाने सहज सोडलेला बाण सांध्यांतून शिरला. पत्र्याची परीक्षा झाली असेल, सांध्याची झाली नव्हती. रविवारी आपण कसे असतो, ते पत्रा होय; सोमवारच्या बाजारातील माप, आणि दारू पिऊन घरी आल्यावरचा हात, हे सांधे होत.

आणखी एक. ज्या पाटीवर गोळ्या झाडून पाहतात, ती पुन्हा कोणी अंगावर घालीत नाही; ती भेगाळून निकामी होते. तिच्या जोडीच्या पाट्या मात्र तिच्या भरवशावर हजारो जवान घालतात. आपल्यासाठी जो असा फोडला गेला, त्याच्या भरवशावर आपण उभे आहो.

दावीद ओढ्यावर गेला आणि त्याने पाच गुळगुळीत गोटे वेचले. सिंह व अस्वल यांच्यापुढे जे पारखले, तेच त्याने बरोबर नेले. शौलाची शस्त्रे शेवटी पलिष्ट्यांनी अष्टारोथाच्या मंदिरात नेऊन ठेविली.