कातारी आणि त्याचा तराजू

वाचावयाचा शास्त्रभाग : लूक 14:28-30

बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, हा प्रभूचा बोध आपण शिष्यत्वाकडे लावितों, आणि तें योग्यच आहे. परंतु हा दृष्टांत प्रभूनें कामकऱ्यांच्या व्यवहारांतून घेतला. त्याच्या गांवचे लोक त्याला सुतार म्हणूनच ओळखीत असत. म्हणून आज आम्ही हा बोध लाकडी वाडगे कातून विकणाऱ्या कारागिराच्या घरीं नेऊन पाहतों.

सावंतवाडीच्या चितार आळींतील लाकडी जिन्नस पुष्कळांनीं पाहिले असतील. म्हैसूरच्या वाटेवरील चन्नपट्टणांत काळ्या कुड्याचें लाकूड चरकावर फिरवितात, त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून लाकडाला बसते, आणि मग केवड्याच्या पानानें तिला तकाकी आणितात. पाहणाऱ्यास हें घटकेचें काम वाटतें. पण ओलें लाकूड सुकतांना सर्व बाजूंनीं सारखें आटत नाहीं. वलयांच्या अंगानें अधिक आटतें, गाभ्याच्या दिशेनें कमी. त्यामुळें ओल्या लाकडाचा गोल वाडगा पुढें लांबट होतो, आणि गाभा आंत राहिला तर बहुधा तडकतो. यास्तव जाणता कातारी गाभा काढून टाकितो, दहा इंची वाडग्याचा कांठ प्रथम सुमारें एक इंच जाड ठेवितो, तो सावलींत कित्येक महिने सुकूं देतो, आणि मग दुसऱ्यांदा चरकावर चढवितो.

येथें दोन मोह उभे राहतात. पहिला लोभाचा. बाजाराचा दिवस जवळ आला. तेव्हां ओलाच वाडगा पुरा कातावा, तडा गेला तर त्यांत भुसा व लाख भरावी, वर रंग चढवावा. गिऱ्हाइकास तें दिसत नाहीं. परंतु नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायांत ज्या खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे, तो केवळ वाण्याच्या दुकानांतच टांगलेला असतो असें समजूं नका. लाखेखालीं झांकलेली चीर हाही खोटा तराजूच होय.

दुसरा मोह अभिमानाचा. तो सद्गुणाचा वेष घेऊन येतो. एकाच वाडग्याला चार दिवस घासीत बसावें, कोणास परवडणार नाहीं अशी किंमत सांगावी, आणि विकला न गेल्यास लोकांना अडाणी म्हणावें. इकडे घरीं पिठाचा डबा रिकामा! देवानें बसालेलास लाकूड कोरण्याचें कौशल्य दिलें तें निवासमंडपाच्या सेवेसाठीं, त्याच्या मिरवण्यासाठीं नव्हे. रोजच्या वापराच्या वाडग्याचा तळ स्थिर असावा, कांठ हाताला गुळगुळीत लागावा, बुडाला चीर नसावी. एवढें मनापासून केलें कीं तें काम उत्तम झालें. अधिक नक्षी हवी असेल त्यानें ती सांगावी व तिचें मोल द्यावें.

आतां हिशेबाकडे या. समजा, दहा वाडग्यांस लाकूड, लाख व स्वतःची मजुरी धरून 2,400 रुपये लागले. कारागीर म्हणतो, “एकास 240 पडले, 250 ला विकला तर 10 रुपये नफा.” पण दोन वाडगे सुकतांना तडकले. उरलेल्या आठांस प्रत्येकीं 300 पडले. म्हणजे प्रत्येक वाडग्यामागें 50 रुपये तोटा! असे पुष्कळ कष्टाळू बंधु कर्जांत बुडतात, आणि मग चीर लपविण्याचा मोह बळावतो. ज्यानें आधीं खरा हिशेब केला त्याला पुढें खोटें करण्याची गरज उरत नाहीं.

विकत घेणाऱ्यांसही एक शब्द. नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायांतील गिऱ्हाईक माल वाईट म्हणून घेतें आणि घरीं जाऊन आपली बढाई मारितें. ख्रिस्ती मनुष्यानें घासाघीस करून दुसऱ्याची मजुरी खाऊं नये.

उपदेशक बंधूंनो, सायंप्रार्थनेनंतर कारागिरांजवळ बसा. वही व पेन्सिल घेऊन त्यांचा हिशेब मांडून द्या. हें सुवार्तेच्या कामाहून खालचें काम नव्हे. पौलानें करिंथांत अक्विला व प्रिस्किल्ला यांच्यासंगतीं तंबू शिवून पोट भरलें. त्या हातांना दोऱ्याचा व मजुरीचा हिशेब ठाऊक होता.

ज्या प्रभूनें सुताराचें काम केलें, तो आपले हात प्रामाणिक व आपला हिशेब खरा राखो. आमेन.