शिलेदारापासून परवानाधारकापर्यंत

लोकसभेची निवडणूक जाहीर झाली की सिंधुदुर्ग-रत्नागिरीतले शेतकरी आपापली ठासणीची बंदूक घेऊन पोलीस ठाण्याची वाट धरतात. आचारसंहितेच्या काळात परवान्याची हत्यारे सहसा जमा करावी लागतात. नेमके तेच दिवस काजू उतरवायचे आणि आंबा राखायचे. वानरांचे कळप बागेत शिरतात, रानडुकरे रात्रीत वाफे उकरून टाकतात. त्यांना हाकलायला बंदुकीचा नुसता बार पुरतो, पण बंदूक त्या वेळी ठाण्यात असते. शेतकरी पावती घडी करून खिशात ठेवतो आणि घरी येऊन डबे वाजवत बसतो.

ही पावती पाहिली की मला एक जुना प्रश्न आठवतो. शस्त्र बाळगणे हा माणसाचा हक्क, सरकारची मेहेरबानी की नागरिकाची जबाबदारी? आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर पुन्हा पुन्हा बदलत गेले. ते कसे बदलले हे पाहिल्याशिवाय आजचा कायदा कठोर आहे की सैल, याचा निवाडा करता येत नाही.

मराठी भाषेत या प्रश्नाची मुळे दोन शब्दांत सापडतात : शिलेदार आणि बारगीर. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा, हत्यारही स्वतःचे. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला. शिवाजी महाराजांनी पागेला म्हणजे बारगिरांना अधिक महत्त्व दिले. त्यामागचे राजकारण उघड आहे. ज्याचे हत्यार त्याची मर्जी. स्वतःच्या बळावर लढणारा सरदार उद्या स्वतःसाठीही लढू शकतो. तरीही हत्यार असणे ही त्या काळी सामान्य गोष्ट होती. खरिपाची कामे आटोपली, दसऱ्याला शस्त्रे पुजली की कुणबी शेतकरी मोहिमेवर निघायचा. नांगर आणि तलवार एकाच घरात असत. तलवार कोणी बाळगायची, याबद्दल राज्याला फारसे विचारायचे नसे. ती कोणासाठी उपसली जाईल, एवढीच राज्याची चिंता होती.

1818 साली पेशवाई गेली आणि 1857 नंतर इंग्रजांच्या मनात भीती बसली. उठावानंतर लोकांची हत्यारे काढून घेण्याचे कायदे झाले. 1878 साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत आलेल्या हत्यारांच्या कायद्याने या धोरणाला पक्के रूप दिले. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचे तोंड बांधणारा कायदाही त्याच वर्षीचा. जीभ आणि हात एकाच वर्षी बांधले गेले.

या कायद्याचा खरा डंख परवान्याच्या सक्तीत नव्हता. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन माणसाला सूट होती आणि हिंदी माणसाला परवाना लागत होता, तिथे तो होता. सरकार हत्यारावर नियंत्रण ठेवत होते म्हणण्यापेक्षा माणसाचा वंश पाहून विश्वास वाटत होते. काँग्रेसने आपल्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासूनच या कायद्याविरुद्ध ठराव केले ते या अपमानामुळे. अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनीही 1918 साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात, इंग्रजी राज्याच्या कृत्यांपैकी सगळ्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इतिहासात सर्वांत काळा ठरेल, असे म्हटले होते. शस्त्र न उचलणे हे व्रत असू शकते, पण ते उचलण्याची मोकळीक असलेल्याचेच.

कायद्याने हत्यारे बंद झाली का? कायदा झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले. 1909 साली लंडनहून विनायक दामोदर सावरकरांनी गुप्तपणे पाठवलेली ब्राउनिंग पिस्तुले महाराष्ट्रात पोचली आणि त्याच वर्षी नाशिकात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनचा वध केला. ज्याला जिवावर उदार व्हायचे असते त्याला परवान्याची वाट पाहावी लागत नाही. शस्त्रबंदीचा भार पडतो तो कायदा पाळणाऱ्यावर, ही गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आजही आहे.

1931 साली कराचीच्या अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला. त्यात शस्त्र बाळगण्याचा हक्क होता, पण ठरवून दिलेल्या नियमांना आणि मर्यादांना धरून. स्वराज्य आले तरी हत्यार बेबंद नसेल, हे ठराव करणाऱ्यांना तेव्हाच दिसत होते.

खरी कसोटी लागली संविधान सभेत. 1948च्या डिसेंबरात हरि विष्णू कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा, अशी दुरुस्ती मांडली. ज्या मागणीसाठी अर्धशतकाहून अधिक काळ ठराव केले, ती स्वतःचे संविधान लिहिताना कशी सोडायची? प्रश्न रास्त होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उत्तर मात्र वेगळ्या पातळीवरचे होते. कोणीही बाजारात जाऊन मारण्याची साधने बिनदिक्कत विकत घ्यावी, असा हक्क दिला तर राज्याचा कारभार चालायचा कसा, असे त्यांनी विचारले. मग त्यांनी प्रश्नच उलटा केला. आग्रह धरायचा असेल तर शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा धरू नका, कर्तव्याचा धरा. युद्ध आले, राष्ट्राची सुरक्षितता धोक्यात आली, तर प्रत्येक नागरिकाला शस्त्र घेण्यासाठी बोलावण्याचा अधिकार राज्याला असावा.

ती दुरुस्ती स्वीकारली गेली नाही. आज संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात शस्त्राचा उल्लेख येतो तो नकारातून : नागरिकांना शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आहे. शिखांना कृपाण बाळगण्याची मुभा आहे, ती धर्मस्वातंत्र्याच्या अनुच्छेदात. ज्या समाजात उच्चवर्णीयांच्या हाती जमीन, पैसा आणि लाठी एकवटलेली होती, त्या समाजात बंदूकही खुली झाली असती तर ती पहिल्यांदा कोणाच्या हाती गेली असती, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. बाबासाहेबांच्या उत्तरामागे हे वास्तव होते, असे मला वाटते.

1959चा शस्त्र कायदा या वादातून निघालेला मध्यम मार्ग आहे. त्याने 1878चा कायदा रद्द केला, परवाना मात्र ठेवला. अर्जदार एकवीस वर्षांचा हवा. पोलीस त्याच्या वर्तनाची चौकशी करून अहवाल देतात. जिल्हादंडाधिकारी, आणि आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त, निर्णय घेतात. नकार दिला तर त्याविरुद्ध अपील करता येते. 2016च्या नियमांनी हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाची अटही घातली. या कायद्यात एक मायेचे कलमही आहे. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक किंवा संरक्षणासाठी लांब नळीची साधी बंदूक मागणाऱ्या नागरिकाकडे कायदा तुलनेने उदारपणे पाहतो. ज्याला शेत राखायचे आहे त्याची गरज कायद्याने ओळखली.

अमेरिकेत हाच प्रश्न उलट्या बाजूने सुटला. तिथे 1791च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क संविधानात आला. न्यूयॉर्क राज्याने 1911 साली सुलिव्हन कायदा करून परवाना लागू केला, पुढे घराबाहेर पिस्तूल बाळगायला खास कारण दाखवण्याची अट आली, आणि 2022 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट घटनाबाह्य ठरवली. तिथे बंदूक नाकारायची तर राज्याने कारण द्यायचे, इथे मागायची तर नागरिकाने. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 2023 साली बेकायदा हत्यारांची स्वतःहून दखल घेताना या फरकाकडे लक्ष वेधले. मला आपली बाजू पटते. जो जीव घेऊ शकतो त्याने आधी कारण सांगावे, यात कोणाचा अपमान नाही.

पण अट एकच : कारण सर्वांनी सांगावे आणि ते एकाच तराजूत तोलले जावे. इथेच आपण घसरलो आहोत. पिस्तुलाचा परवाना अनेक ठिकाणी गरजेचा कागद न राहता मानाचा तुरा झाला. पुढाऱ्याच्या कमरेला ते दिसते, लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या सुटतात आणि कोणाचे तरी लेकरू जाते. 2019च्या दुरुस्तीने एका माणसाकडची हत्यारे तीनांवरून दोनांवर आणली आणि असा बेपर्वा गोळीबार हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. ते योग्यच झाले. मात्र गावठी कट्टा परवाना विचारत नाही. तो बनवणाऱ्या आणि विकणाऱ्यापर्यंत पोचल्याशिवाय परवानाधारकाला कितीही जाचले तरी रस्ते सुरक्षित होणार नाहीत.

लिटनचा कायदा काळा होता, कारण तो माणसामाणसांत भेद करत होता. आजचा कायदा कठोर आहे म्हणून काळा ठरत नाही. पण वजनदार माणसाला पिस्तूल सहज मिळाले आणि कोकणातल्या शेतकऱ्याला आपल्या जुन्या बंदुकीच्या नूतनीकरणासाठी हेलपाटे घालावे लागले, तर जुना भेदच नव्या कागदावर उतरेल. परवाना देणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला आणि मागणाऱ्या प्रत्येक नागरिकाला माझे एवढेच सांगणे आहे : हत्यार ही प्रतिष्ठा नव्हे, ते समाजाने विश्वासाने सोपवलेले ओझे आहे. ज्याला ते ओझे वाटत नाही, त्याच्या हाती ते देऊ नये.