पातें लाविलेली माशी

शास्त्रपाठ : याकोब १:१४, १ थेस्सलनीकाकरांस २:३



आमच्या घरीं पत्र्याची एक लहानशी डबी आहे. अमेरिकेंतून आलेल्या एका मिशनरी डॉक्टरांनीं मायदेशीं परततांना ती आमच्या वडिलांस दिली. तींत गळ आहेत; पण आपल्या ओढ्यावर पोरें गांडूळ लावून टाकितात तसे ते नव्हत. प्रत्येक गळावर रंगीत लोंकर गुंडाळिली आहे, कोंबड्याच्या मानेचीं बारीक पिसें बांधिलीं आहेत, आणि कित्येकांच्या पुढें बोटाच्या नखाएवढें पितळेचें पातें टांगिलें आहे. लहानपणीं आम्हांस तीं खेळणीं वाटत. आमच्या धाकट्या बहिणीनें एकदां त्यांतील एक डूल म्हणून कानाशीं धरण्याकरितां उचलिलें, तों गळ तिच्या बोटांत शिरला. आईनें तो मागें ओढून पाहिला, पण निघेना. कारण गळाच्या टोंकाला उलटा कांटा असतो. शेवटीं तो पुढेंच दाबून टोंक दुसऱ्या बाजूनें बाहेर काढावें लागलें, तें पकडीनें तोडलें, आणि मग गळ सुटला. तें रडणें आम्हांस अद्यापि आठवतें.

ज्यांस हा प्रकार ठाऊक नाहीं त्यांच्याकरितां थोडें सविस्तर सांगितलें पाहिजे. ही कृत्रिम माशी बांधणारा मनुष्य गळ एका लहान पकडींत घट्ट बसवितो. मेण चोळलेला बारीक धागा त्याच्या दांड्यावर वेढीत नेतो. शेंपटीच्या जागीं खारीचे केंस बांधितो. अंगाला लोंकर, तिच्यावरून जरीची तार. आणि डोक्याशीं कोंबड्याचें पीस असें गुंडाळितो कीं त्याचे तंतु किड्याच्या पायांसारखे चोहोंकडे पसरावे. शेवटीं धाग्याला गांठ मारून तिच्यावर रोगणाचा थेंब सोडितो. ही झाली माशी. हिला पातें लावावयाचें असल्यास गळाच्या पुढें तारेचा लहानसा दांडा जोडून त्यांत मणी ओंवितात, मण्यापुढें बारीक कडी घालितात, आणि त्या कडींत पातें अडकवितात. मणी नसेल तर कडी मोकळेपणीं फिरत नाहीं. आणि टोंकाला भोवरकडी नसेल तर पात्याबरोबर सारा दोरच पिळून निघतो. बांधणाऱ्याचा हात आणि धीर पाहून कौतुक वाटतें. इतकी मेहनत आपण एखाद्या शास्त्रपाठाच्या तयारीवर घेत असूं काय?

पात्याची युक्ति तशी जुनी आहे. अमेरिकेंत व्हर्मांट प्रांतीं बोमोझीन नांवाचें सरोवर आहे. तेथें ज्युलिओ ब्यूएल नांवाचा एक तरुण नावेंत बसून जेवीत असतां त्याचा चमचा पाण्यांत पडला, आणि तो चकाकत खालीं जात असतां एका मोठ्या माशानें त्याच्यावर झडप घातली, असें सांगतात. गोष्ट खरी असो वा रचलेली असो, १८५२ सालीं ब्यूएलनें अशा चमच्याच्या गळाचें पेटंट घेतलें, हें खरें. पुढें पात्यांचे नाना आकार निघाले. वाटोळें पातें दांड्यापासून दूर, सावकाश फिरतें व पाण्याला मोठे हिसके देतें. वाळुंजाच्या पानासारखें लांबट पातें दांड्याला चिकटून वेगानें फिरतें व चमक अधिक देतें.

आतां लक्षांत घ्या. माशी ही कांहीं तरी खऱ्या वस्तूची नक्कल असते. पाण्यावर जो किडा उडत असेल त्याच्यासारखी ती दिसावी लागते, आणि मासा भुकेनें तिच्याकडे येतो. पातें म्हटलें तर लहान माशाच्या कुशीची चमक दाखवितें. पण खरें पाहतां तें कशासारखेंहि नसतें. तें केवळ चमकतें आणि थरथरतें. माशाच्या दोन्ही कुशींवर एकेक रेषा असते, तिच्या योगें त्याला पाण्यांतील हालचाल कळते. म्हणून पाणी गढूळ असून दिसत नसलें तरी पात्याचे हिसके त्याला जाणवतात. भूक नसलेला मासासुद्धां चिडून, किंवा केवळ हें काय आहे तें पाहण्यासाठीं, त्याच्यावर तुटून पडतो. आणि हें सर्व जोंवर कोणी दोर ओढीत आहे किंवा प्रवाह वाहत आहे तोंवर. ओढणें थांबलें कीं पातें फिरावयाचें थांबतें, आणि पितळेचा तुकडा मुकाट्यानें तळाशीं जातो.

याकोबानें आपल्या पत्राच्या पहिल्या अध्यायांत मोहाविषयीं लिहितांना जो शब्द योजिला आहे तो मूळ ग्रीक भाषेंत आमिष या शब्दावरून आला आहे. ओढिलें जाणें आणि आमिषानें भुलविलें जाणें, अशीं दोन चित्रें तो एकापुढें एक ठेवितो. तें पत्र ऐकणाऱ्यांस दोर आणि गळ डोळ्यांपुढें दिसले असतील. परंतु त्याचा भर कोठें आहे तें पाहा. गळ टाकणाऱ्याचें नांवहि तो त्या वचनांत घेत नाहीं. मनुष्य ओढिला जातो तो स्वतःच्याच वासनेनें. कोणताहि मासेमार माशाचें तोंड उघडून त्यांत गळ घालीत नाहीं. तोंड मासाच उघडतो. आपल्या मंडळींतील ज्या भावांनीं लग्नाच्या थाटासाठीं कर्ज काढिलें, ज्या तरुणांनीं एका रात्रींत दुप्पट पैसे होतील म्हणून घरांतील दागिना मोडिला, त्यांच्याशीं आम्ही बसलों आहों. प्रत्येकानें प्रथम दुसऱ्या कोणाचें नांव सांगितलें. बऱ्याच वेळानें, बहुधा पाणी पिऊन झाल्यावर, स्वतःचें सांगितलें. आणि आमच्या बहिणीच्या बोटाप्रमाणें, आंत गेलेला कांटा मागच्या मागें निघत नाहीं. जेथून तो बाहेर पडावयाचा ती जागा दुखतेच.

इतकें मोहाविषयीं. हा अर्थ पुष्कळांनीं सांगितला आहे, आणि तो सांगून आम्हीं लेखणी खालीं ठेविली असती तर आम्हांस सोपें गेलें असतें. परंतु त्या डबीकडे पाहतां पाहतां दुसरी एक गोष्ट मनांत आली, ती आम्हां सेवकांस अधिक लागू आहे.

पिसांच्या माशीनें मासे धरण्याचें फार जुनें वर्णन ईलियन नांवाच्या रोमी ग्रंथकारानें ख्रिस्ती शकाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास ग्रीक भाषेंत लिहिलें. मासेदोनियांत बिरुया आणि थेस्सलनीका यांच्या मध्यें एक नदी वाहते, तींत ठिपक्यांचे मासे असतात, आणि ते पाण्यावर घिरट्या घालणाऱ्या एका माशीवर जगतात, असें तो सांगतो. ती खरी माशी हातांत धरिली कीं तिचा रंग उडतो आणि मासे तिला शिवत नाहींत. म्हणून तेथील लोक गळावर तांबडी लोंकर गुंडाळून वर कोंबड्याचीं दोन पिसें बांधितात. बिरुया आणि थेस्सलनीका! प्रेषितांचीं कृत्यें सतराव्या अध्यायांत पौल व सीला यांस बंधुजनांनीं रातोरात थेस्सलनीकाहून बिरुयास पाठविलें, तो हाच मुलूख. ईलियनच्या अगोदर सुमारें दीडशें वर्षें प्रेषित त्या वाटेनें गेला. तेव्हां तेथें माशी टाकीत कोणी बसलें होतें किंवा नाहीं हें कोणास सांगतां येणार नाहीं. परंतु त्याच थेस्सलनीकाकरांस पुढें लिहितांना पौल आपल्या उपदेशाविषयीं म्हणतो कीं तो कपटाचा नव्हता. आणि कपट या अर्थीं जो ग्रीक शब्द त्यानें घातला, त्याचा होमर कवीच्या काळचा एक अर्थ मासे धरण्याचें आमिष असा आहे. करिंथकरांस लिहितांनाहि (२ करिंथ. १२:१६) आपल्यावर झालेला आरोप तो त्याच शब्दांत मांडितो : हा धूर्त आहे, यानें तुम्हांला आमिष दाखवून धरिलें!

हा आरोप आपल्या ओळखीचा आहे. आमिष हाच शब्द आपल्या मराठी मुलखांत आपल्यावर वारंवार टाकिला जातो. पुष्कळदां तो खोटा असतो. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत आणि १८९६ नंतरच्या दुष्काळांत भुकेल्यांस अन्न दिलें गेलें. पंडिता रमाबाईंनीं केडगांवीं दुष्काळांतील विधवा व अनाथ मुली सांभाळिल्या. तें करावयास नको होतें असें कोणता शहाणा म्हणेल? भुकेल्याला भाकर देणें हें आमिष नव्हे. परंतु त्या भाकरींत गळ आहे कीं नाहीं, हें मात्र देणाऱ्यानें स्वतः तपासून पाहावें; कारण घेणाऱ्याला तें दिसत नाहीं, आणि बाहेरून आरोप करणाऱ्यालाहि दिसत नाहीं. तें देवाला आणि देणाऱ्यालाच ठाऊक.

प्रभूनें गालील समुद्राच्या कांठीं ज्यांस बोलाविलें ते गळवाले नव्हते. मत्तय चौथ्या अध्यायांतील पेत्र व आंद्रिया पाग टाकीत होते. तेराव्या अध्यायांतील दृष्टांतांतलें जाळें तर आपल्या कोंकणच्या रापणीसारखें आहे, सर्व जातींचे मासे कांठाला ओढून आणणारें. नव्या करारांत गळ एकदांच येतो, मत्तय सतराव्या अध्यायांत, मंदिराच्या कराच्या वेळीं. आणि तेव्हांहि एका माशाच्या तोंडांतून नाणें काढण्यापुरता. जाळ्यांत चकाकणारें कांहीं नसतें. तें धुवावें लागतें, विणावें लागतें, आणि पेत्रानें पाहिलें तसें सारी रात्र टाकूनहि रिकामें येऊं शकतें.

रिकामें येतें, इथेंच आमच्यासारख्यांचा धीर सुटतो. मग आम्ही पातें शोधूं लागतों. मंडपाबाहेर मोठ्या अक्षरांत रोगमुक्तीचें वचन लिहितों. दूरच्या एखाद्या नामांकित वक्त्याचा फोटो लावितों. कर्णा इतका मोठा करितों कीं शेजारच्या वस्तीला झोंप येऊं नये. गढूळ पाण्यांत मासा दिसत नाहीं, म्हणून हिसके अधिक जोराचे द्यावयाचे. लोक येतात, हेंहि खरें. आम्ही आंकडे लिहून वर पाठवितों. आणि ओढणें थांबलें कीं पितळ तळाशीं जातें.

या कलेंतले जाणते सांगतात कीं हलक्या माशीला स्वतःचें वजन जवळ जवळ नसतेंच. जड असतो तो दोर. लवचीक काठीनें दोर मागें उलगडूं द्यावा, मग पुढें टाकावा, म्हणजे तो आपल्या वजनानें माशीला नेऊन अलगद पाण्यावर ठेवितो. पातें लाविलें कीं पुढचें टोंक जड होतें, दोराची वळी मोडते, आणि हात जपून नाहीं टाकिला तर गळ टाकणाऱ्याच्याच मानेवर येऊन बसतो. म्हणून पातें लावणारे तें शक्य तितकें लहान ठेवितात व हात सावकाश फिरवितात. केवळ माशीच्या मासेमारीसाठीं राखलेल्या कित्येक पाण्यांत तर पातें लावण्यास मनाईच असते. मौजेकरितां मासे धरणाऱ्यांनीं स्वतःवर हा नियम घातला, आणि आम्हीं, ज्यांच्या हातीं माणसांचे आत्मे सोंपविले आहेत त्यांनीं, असा कोणता नियम स्वतःवर घातला आहे?

योहान सहाव्या अध्यायांत प्रभूनें पांच हजारांस जेवूं घातलें. दुसऱ्या दिवशीं ते त्याला शोधीत समुद्रापलीकडे गेले. एवढा जमाव कोणत्या सुवार्तिकानें सोडिला असता? परंतु त्यानें त्यांस तोंडावर सांगितलें कीं तुम्ही भाकरीसाठीं आलां आहां. आणि पुढें कठीण वचन ऐकून शिष्यांतीलहि पुष्कळ जण परत फिरले, तेव्हां त्यानें वचन सोपें केलें नाहीं किंवा आणखी भाकरी काढिल्या नाहींत. बारा जणांसहि विचारिलें, तुमची जाण्याची इच्छा आहे काय? भाकर त्यानें दिली होती, गळ घातला नव्हता. म्हणून जाणारे जाऊं शकले.

आतां आमची स्वतःची गोष्ट सांगितल्यावांचून हा लेख पुरा करणें आम्हांस बरें वाटत नाहीं. दोन वर्षांपूर्वीं नाताळाच्या सुमारास आमच्या मंडळीकडे वांटण्यासाठीं चाळीस कांबळीं आलीं. आम्हीं एक वही केली, आणि जो उपासनेस येईल त्याचें नांव तींत लिहून त्याला कांबळें द्यावें असें ठरविलें. दोन रविवार मंदिर भरून गेलें. आम्ही आनंदानें तसें पत्रहि लिहिलें. एके संध्याकाळीं पलीकडच्या वस्तीवरचा एक वृद्ध शेतमजूर आमच्या ओसरीपाशीं येऊन उभा राहिला. तो म्हणाला, "साहेब, थंडी लई हाय. एक कांबळं द्या. पर माझं नांव त्या वहींत घालूं नका." आम्हीं म्हटलें, "बाबा, रविवारीं उपासनेला या, मग पाहूं." त्यानें हात जोडिले आणि तो अंधारांतून परत गेला.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली, हें कबूल करितांना लाज वाटते. ती उडाली कांहीं आठवड्यांनंतर, जेव्हां बांकें पूर्वीसारखीं रिकामीं झालीं आणि वहींतलीं नांवें आम्ही वाचीत बसलों. एक कांबळें शिल्लक होतें. तें घेऊन आम्ही त्याच्या झोंपडीवर गेलों. त्यानें प्रथम कांबळ्याकडे पाहिलें नाहीं, आमच्या हातांकडे पाहिलें. वही आणिली आहे कीं काय तें पाहत होता. "नांव?" त्यानें विचारिलें. "नांव नाहीं, बाबा," आम्हीं सांगितलें. त्यानें तें घेतलें.

तो आजपर्यंत मंदिरांत आलेला नाहीं. वाटेनें जातांना भेटला तर पाणी विचारितो, आमच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करितो. वही आमच्या मेजाच्या खणांत त्या डबीशेजारींच आहे. गेल्या आठवड्यांत त्याच्या दारावरून जातांना तें कांबळें कुंपणावर वाळत घातलेलें दिसलें. तो घरीं नव्हता.